बरगड्यांचा तुटवडा कधीच नव्हता

टीबी झालाय म्हणून माणसाच्या छातीतल्या सात-आठ बरगड्या काढून टाकायच्या, असं आज कुणाला सांगितलं तर तो विचारेल कुठल्या भोंदूकडे गेला होतात. पण १९३० ते १९५० च्या दरम्यान हा अगदी पाठ्यपुस्तकातला उपाय होता, मोठमोठे सर्जन तो करायचे आणि ज्याचा नंबर लागायचा तो पेशंट स्वतःला नशीबवान समजायचा. थोरॅकोप्लास्टी त्याचं नाव. जर्मनीत झाउअरब्रुख, अमेरिकेत ॲन आर्बरला जॉन अलेक्झांडर ही त्यातली बडी नावं. त्यातले अलेक्झांडर तर स्वतःच टीबीने अंथरुणाला खिळून राहिलेले, तेव्हा पेशंटचे हाल त्यांना माहीत नव्हते असंही म्हणता येत नाही.

आमच्या घरात असं ऑपरेशन झालेला एक माणूस होता, आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. उन्हाळ्यात परसात उघड्या अंगाने बसायचे तेव्हा दिसायचं, डावा खांदा उतरलेला, पाठीवर मानेच्या खालून निघून खांद्याच्या फऱ्याला वळसा घालून काखेखाली गेलेला एक लांबलचक व्रण, आणि छातीची डावी बाजू वरच्या अंगाला अशी आत गेलेली की श्वास घेतला की उजवी बाजू फुगायची आणि डावी आपली जागच्या जागी. आम्हा पोरांना त्याचं भारी कुतूहल. सदरा मात्र ते शिंप्याकडूनच शिवून घ्यायचे, डाव्या खांद्यात जाडसर अस्तर घालून, त्यामुळे बाहेरच्या माणसाला पत्ता लागायचा नाही. विचारलं की म्हणायचे, "फुप्फुसाला रजा दिली होती डॉक्टरांनी." यापलीकडे कधी बोलले नाहीत आणि काकूआजी तर विषयच काढू द्यायची नाही, टीबी हा शब्दसुद्धा घरात दबक्या आवाजात.

पण ते "रजा दिली" अगदी बरोबर होतं, सगळं तत्त्वज्ञान तेवढंच. टीबीने फुप्फुसात पोकळी पडते, त्या पोकळीत जंतू माजतात, माणूस खोकला की तेच बाहेर पडतात. फुप्फुस दिवसरात्र वर-खाली होत असल्याने ती पोकळी मिटत नाही. मग फुप्फुसाची हालचालच थांबवली, त्याला दाबून बसवलं, तर पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटतील आणि आजार आतच कोंडला जाईल. आता बरगड्यांच्या पिंजऱ्यात फुप्फुस दाबायचं कसं? सोपा उपाय म्हणजे हवा भरणं. इटलीतल्या फोर्लानिनी नावाच्या डॉक्टरने १८८२ मध्ये ही कल्पना मांडली होती, की बरगड्यांच्या फटीतून सुई घालून फुप्फुसाच्या बाहेरच्या पोकळीत हवा सोडायची म्हणजे फुप्फुस आकसतं. ही हवा हळूहळू शरीरात जिरून जाते, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी परत जाऊन भरून घ्यायची, आणि हे असं दोन-दोन, तीन-तीन वर्षं. ए.पी. म्हणायचे त्याला. आपल्याकडेही सॅनेटोरियममधून सुटलेले लोक महिनोन्‌महिने असे "हवा भरायला" जायचे. आणि फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असेल, हवा जातच नसेल, तर मग बरगड्या.

त्या ऑपरेशनबद्दल वाचताना माझ्या पोटात गोळा आला हे सांगून टाकते. बऱ्याचदा ते पूर्ण भूल न देता, नुसती जागा बधिर करून करायचे. कारण पेशंट पूर्ण झोपला तर रोगट बाजूचा बेडका वाहत जाऊन चांगल्या फुप्फुसात उतरायची भीती. म्हणजे माणूस जागा, कुशीवर झोपलेला, आणि आपल्याच बरगड्या कात्रीने तुटल्याचा आवाज त्याला ऐकू येतोय! एका वेळी सगळ्या काढत नसत, सोसलं नसतं, म्हणून दोन-तीन टप्पे, मध्ये काही आठवड्यांची विश्रांती, परत टेबलावर. बरगडीवरचं पातळ आवरण मात्र ठेवायचे, त्यातून नवीन हाड धरायचं, पण आत गेलेल्या जागीच, त्यामुळे छाती कायमची बसायची. आणखीही प्रकार होते, श्वासपटलाची नस चिमटून ती बाजू लुळी करणे, बरगड्यांखाली पॅराफिन मेण नाहीतर प्लॅस्टिकचे पोकळ गोळे भरून ठेवणे.

आता मुख्य प्रश्न. याने टीबी बरा व्हायचा का?

तात्या तर जगले, चांगले सत्तरी ओलांडून गेले. सॅनेटोरियमच्या जुन्या आकडेवारीतही ऑपरेशन केलेले पेशंट न केलेल्यांपेक्षा जास्त जगलेले दिसायचे, आणि सर्जन लोक तेच आकडे पुढे करायचे. पण ऑपरेशन करायचे कुणावर ते बघा की. एका बाजूचाच आजार असलेला, दुसरं फुप्फुस धड असलेला, ताप उतरलेला, वजन धरलेला, थोडक्यात ज्याच्या अंगात ते ऑपरेशन सोसायची ताकद आहे असा पेशंट निवडायचे. दोन्ही फुप्फुसं पोखरलेला, रक्त ओकणारा माणूस टेबलावर घेतच नव्हते. म्हणजे जो तसाही जगण्याची शक्यता जास्त होती त्याच्या बरगड्या काढल्या, तो जगला, आणि श्रेय बरगड्यांना. आणि उलट बाजूने बघायचं तर पोकळी मिटून थुंकीतले जंतू गेलेले पेशंटही खरेच होते, डॉक्टर काही डोळ्यांवर पट्टी बांधून बसले नव्हते. यातलं खरं किती हे कळायला एकच रस्ता, सारखे पेशंट घेऊन अर्ध्यांवर ऑपरेशन करायचं आणि अर्ध्यांवर नाही, आणि कुणाला काय ते डॉक्टरने नाही तर चिठ्ठीने ठरवायचं. तसं कुणी केलं नाही. सर्जन तयार, पेशंट तयार, आणि बरगड्या तर प्रत्येकाकडे चोवीस. कशालाच आडकाठी नव्हती, मग चिठ्ठ्या टाकायचं कारणच काय?

कारण मिळालं ते टंचाईमुळे, आणि या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात इंटरेस्टिंग हेच वाटतं.

१९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, मातीतल्या जंतूंपासून. सापडलं ते आल्बर्ट शाट्झ नावाच्या तेविशीतल्या विद्यार्थ्याला, तळघरात काम करत असताना, आणि १९५२ चं नोबेल मिळालं ते त्याच्या सरांना, सेलमन वॅक्समनना, एकट्यांना. (गाईड आणि विद्यार्थी यांचं हे प्रकरण आपल्याकडच्या पीएचडीवाल्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) टीबीच्या जंतूवर खरोखर चालणारं हे पहिलं औषध. पण युद्धानंतर इंग्लंडची तिजोरी रिकामी, डॉलर नाहीत, अमेरिकेकडून औषध विकत घ्यायचं तर अगदी थोडंसंच घेता येणार, आणि पेशंट तर देशभर हजारोंनी. मग द्यायचं कुणाला?

इथे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाचा माणूस येतो. हा डॉक्टर नव्हता, आकडेशास्त्रवाला. डॉक्टर व्हायचं होतं त्याला, पण पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमानदलात असताना टीबी झाला, मरणार म्हणून घरी पाठवलं, कित्येक महिने अंथरुणात गेले, ए.पी.सुद्धा झालं, आणि मेडिकल कॉलेजचं स्वप्न सोडून पडल्या पडल्या पोस्टाने अर्थशास्त्राची डिग्री केली. मरणार म्हणून सोडलेला हा गृहस्थ १९९१ पर्यंत, त्र्याण्णव वर्षं जगला! तर याचं म्हणणं असं, की औषध नाहीतरी सगळ्यांना पुरणार नाहीये, तर मग ओळखीपाळखीने आणि वशिल्याने वाटण्यापेक्षा चिठ्ठीने वाटा, म्हणजे वाटपही सरळ होईल आणि औषध चालतं की नाही तेही कायमचं कळेल. औषध मुबलक असतं तर अर्ध्या पेशंटना न देणं पाप ठरलं असतं. नव्हतं म्हणून ते करता आलं.

१९४७ मध्ये ही तपासणी सुरू झाली, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलतर्फे. पेशंट निवडताना अट काय होती बघा, वय पंधरा ते पंचवीस (पुढे तीसपर्यंत वाढवलं), दोन्ही फुप्फुसांत नव्याने भडकलेला टीबी, आणि हवा भरणं किंवा बरगड्या यांच्या कामाचा नाही असा. म्हणजे ज्यांना जुना उपाय शक्य होता त्यांना हातच लावला नाही, तिकडची श्रद्धा अबाधित राहिली. कुणाला इंजेक्शन आणि कुणाला नुसती बिछान्यातली विश्रांती हे हिलच्या यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरलेलं, आणि ते बंद पाकिटात. पेशंट पक्का झाल्यावरच पाकीट फोडायचं, म्हणजे डॉक्टरला "ही पोरगी फार गोड आहे हो, हिला द्या" असं म्हणायची सोयच नाही. एक्सरे वाचणाऱ्यांनाही माहीत नाही कोणता कुणाचा. नुसत्या विश्रांतीवाल्या मुलामुलींना मात्र आपण अशा कुठल्या प्रयोगात आहोत हे सांगितलंच नव्हतं. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने फाईल तोंडावर फेकली असती.

५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन, दिवसाला दोन ग्रॅम, दर सहा तासांनी एक अशी चार इंजेक्शनं, चार महिने. ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी औषधवाल्यांतले ४ गेले होते, विश्रांतीवाल्यांतले १४. एक्सरेत चांगली सुधारणा औषधवाल्यांत २८ जणांची, विश्रांतीवाल्यांत ४ जणांची. १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये हे छापून आलं आणि औषधं तपासायची रीतच बदलली, आजही नवीन गोळी येते ती याच रस्त्याने.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपवतात. पण पुढचं सांगायलाच पाहिजे. पाच वर्षांनी बघितलं तेव्हा ५५ पैकी ३२ वारले होते आणि ५२ पैकी ३५. म्हणजे सहा महिन्यांचा तो एवढा मोठा फरक जवळजवळ पुसला गेला. कारण एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की एक-दोन महिन्यांत टीबीचे जंतू त्याला सरावतात, औषध चालू असतं आणि जंतू निवांत वाढत असतात. त्या मुलांना पहिले दोन महिने काय वाटलं असेल! ताप उतरला, भूक लागली, घरच्यांनी नवस फेडले असतील (तिकडचे जे काय असतील ते), आणि मग हळूहळू परत तेच. वरून अनेकांना चक्कर, तोल जाणे, कारण हे औषध कानाच्या आतल्या भागावर जातं. पण चिठ्ठ्या टाकून नीट हिशेब ठेवला होता म्हणूनच हे सरावणंही स्पष्ट दिसलं. लगेच पुढची तपासणी झाली, स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पास नावाचं स्वीडनमध्ये निघालेलं औषध, आणि दोन औषधं एकत्र दिली की जंतूंना सरावायला फार अवघड जातं हे सिद्ध झालं. १९५२ मध्ये आयसोनायझिड आलं, तेही गंमतच, हा पदार्थ १९१२ मध्येच प्रागला दोघा केमिस्टांनी बनवून ठेवला होता, त्याचा औषधी उपयोग कुणालाच ठाऊक नाही, चाळीस वर्षं तसाच पडून. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये तो दिल्यावर मरायला टेकलेले पेशंट दोन-दोन माणसांचं जेवण मागायला लागले, वॉर्डात नाचतानाचे त्यांचे फोटो पेपरात आले. १९५४ मध्ये सॅरानॅक लेकचं ट्रूडो सॅनेटोरियम, अमेरिकेतलं सगळ्यात नावाजलेलं, बंद झालं. आणि बरगड्या काढायचं ऑपरेशनही मागे पडत गेलं. ते खोटं ठरून गेलं नाही हे लक्षात घ्या. गरज संपली म्हणून गेलं. तात्यांच्या सात बरगड्यांनी त्यांना वाचवलं की त्या नुसत्याच गेल्या, याचं उत्तर आता कुणीच देऊ शकणार नाही.

एखाद्या ऑपरेशनची अशी चिठ्ठ्या टाकून परीक्षा झालीच नाही का? झाली, पण वेगळ्याच ऑपरेशनची, आणि तिचा निकाल वाचून सर्जन लोकांची झोप उडाली असणार. पन्नासच्या दशकात छातीत कळा येणाऱ्या, म्हणजे अंजायनाच्या पेशंटवर एक सोपं ऑपरेशन फार लोकप्रिय झालं होतं. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना जागा बधिर करून छोटा छेद द्यायचा, आतली एक रक्तवाहिनी बांधून टाकायची, म्हणजे तिकडचं रक्त हृदयाकडे वळेल अशी कल्पना. पेशंट खूष, कळा कमी, गोळ्या कमी. १९५९ मध्ये सिएटलच्या लिओनार्ड कॉब आणि मंडळींनी १७ पेशंट घेतले. छेद सगळ्यांना दिला, रक्तवाहिनी उघडी केली, आणि मग पाकीट फोडलं. त्यात जे असेल त्याप्रमाणे ८ जणांची बांधली आणि ९ जणांची न बांधता तशीच शिवून टाकली. कुणाचं काय केलंय हे पेशंटना माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्हीकडे आराम सारखाच! पुढच्याच वर्षी कॅन्ससमधल्या डायमंड यांनी १८ जणांवर तेच केलं, त्यात नुसतं कापून शिवलेल्या पाचही जणांना बरं वाटलं होतं. ऑपरेशन बंदच पडलं. कापून शिवलं यानेच जर छातीतली कळ जात असेल तर बरगड्यांचं काय काय झालं असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही. अर्थात थुंकीतला जंतू समजुतीने जात नाही, तेवढा फरक आहे.

आता आपल्याकडे. देशाची आरोग्यव्यवस्था तपासणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात अंदाज दिलाय, देशात टीबीचे साधारण २५ लाख पेशंट, वर्षाला ५ लाख मृत्यू, आणि खाटा सगळ्या मिळून सहा हजारांच्या आसपास. म्हणजे पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळ वॉन्लेसवाडी, मुंबईत शिवडी ही सगळी नावं आपण मोठ्या आदराने घेतो, पण तिथे खाट मिळणं म्हणजे लॉटरी. आणि उपचाराचा सिद्धांत काय तर स्वच्छ हवा, सकस आहार, संपूर्ण विश्रांती. चाळीतल्या गिरणी कामगाराला यातलं एक तरी शक्य होतं का? इंग्लंडात औषध कमी होतं, आपल्याकडे खाटा नव्हत्या. आणि परत त्या टंचाईनेच प्रश्न सरळ विचारायला लावला, की खाट लागतेच का?

१९५६ मध्ये मद्रासला हे करून बघायचं ठरलं, आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि तीच ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, मिळून. प्रमुख वॉलेस फॉक्स. दोनशेच्या आत-बाहेर पेशंट, मद्रासच्या गरीब वस्त्यांतले. चिठ्ठीने अर्धे सॅनेटोरियममध्ये, अर्धे घरी, दोघांना औषधं तीच, आयसोनायझिड आणि पास, वर्षभर. घरी म्हणजे कसलं घर, एका खोलीत सगळं कुटुंब, जेवण जेमतेम, आणि विश्रांतीच्या नावाने आनंद, बायका घरकाम करतायत, पुरुष जमेल तसे कामावर जातायत. तिकडे सॅनेटोरियमवाल्यांना दूध, अंडी, मांस, बिछाना. आणि पास हे औषध म्हणजे शिक्षाच, रोज ग्रॅमच्या ग्रॅम गिळायचं, मळमळ, जुलाब. ते पेशंट खरंच घेतायत का हे बघायला मद्रासवाल्यांनी अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली, कारण पास घेतलं असेल तर लघवीत एक रसायन टाकल्यावर रंग बदलतो. (आपल्या माणसांची काय ओळख होती त्यांना!)

वर्षाअखेर सॅनेटोरियमवाल्यांतले ९२ टक्के आणि घरी राहिलेले ८६ टक्के जंतुमुक्त झाले होते. पाच वर्षांनी पाहिलं तर फरक उरलाच नव्हता. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती, की पेशंट घरी ठेवला तर बायकापोरांना लागण होईल, तीही खोटी ठरली. व्हायची ती लागण औषध सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेली असते, औषध चालू झालं की धोका झपाट्याने उतरतो. स्वच्छ हवा, पौष्टिक जेवण आणि पडून राहणं, ज्यावर शंभर वर्षं पैसा ओतला, त्यातलं काहीच औषधाइतकं महत्त्वाचं नव्हतं. जेवण चांगलं मिळू नये असं कुणी म्हणत नाही, पण जेवण नाही म्हणून उपचार नाही, हे म्हणायची सोय मद्रासने कायमची काढून घेतली. जगभरातल्या गरीब देशांचे टीबीचे कार्यक्रम पुढे याच पायावर उभे राहिले.

तरी आपल्याकडे "सॅनेटोरियममध्ये ठेवा हो" ही मागणी पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. त्यात पेशंटच्या काळजीपेक्षा त्याला नजरेआड करायची घाई जास्त होती असं माझं मत. काकूआजीच्या बोलण्यात एकदाच आलं होतं की तात्या परत आल्यावर दोन वर्षं त्यांचं ताट-वाटी वेगळं होतं. बरा होऊन आलेला माणूस, थुंकीत जंतू नाहीत, आणि ताट वेगळं.

औषधांना सरावलेला टीबी आता परत आलाय, मुंबई त्याचं मोठं केंद्र, आणि निवडक पेशंटमध्ये फुप्फुसाचा रोगट भाग कापून काढायची ऑपरेशनंही चालू आहेत, फरक इतकाच की औषधांच्या जोडीने. अशा टीबीवर मधली कित्येक वर्षं कॅनामायसिनची इंजेक्शनं देत होते, स्ट्रेप्टोमायसिनच्याच खानदानातलं औषध, आणि कानांवर जाणारं. बेडाक्विलिन नावाची गोळी आली तिने या इंजेक्शनांची गरज संपवली, पण ती सुरुवातीला आपल्याकडे मोजक्या सेंटरमध्ये, मोजक्या पेशंटनाच. ही टंचाई डॉलर नसल्याची नव्हती, पेटंटची होती. औषध कंपनीने आणखी एक पेटंट मागून ती मक्तेदारी लांबवायला बघितली होती, त्या अर्जाला दोन बायकांनी भारतात आव्हान दिलं, एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची, दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या आणि दोघींचीही ऐकण्याची शक्ती त्या इंजेक्शनांनी गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि त्या वर्षीच्या जुलैनंतर आपल्याकडच्या इतर कंपन्यांना ती गोळी बनवायची वाट मोकळी झाली.